राजगिऱ्याएवढी दाढ आणि गयाबाईंचं सूप

माझी भाची मुक्ता जमिनीतले दात शोधते. घरी पाहुणे आले आणि 'मुलगी काय करते?' असं कुणी विचारलं, की माझी बहीण 'संशोधन' एवढंच बोलून चहाचा कप पुढे करते. मी मात्र पाहुण्यांना सगळं नीट सांगतो. सांगता सांगता प्राणी थोडा मोठा होतो, दात हातभर लांब होतो, आणि ते पाहुणे पुन्हा येत नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये मुक्ताचा फोन आला, "मामा, चार दिवस मोकळा आहेस का? बारीक ब्रश घेऊन नांदेडला ये," तेव्हा माझ्यापेक्षा बहिणीलाच जास्त आनंद झाला.

चिपळूणच्या शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. मुक्ताला सापडलेल्या दातांची चित्रं काढून हवी होती. फोटोत दात नुसता चमकतो, त्यावरचे उंचवटे-खाचा हातानं काढलेल्या चित्रातच कळतात, असं ती म्हणाली. मी शून्य नंबरचे तीन ब्रश घेतले आणि निघालो.

नांदेड, शुक्रवार

चिपळूण ते नांदेड या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मी पोचलो. स्टेशनाबाहेर उन्हानं मला नाव घेऊन हाक मारली. रिक्षावाल्यानं सीटवर आधी पाणी शिंपडलं आणि मग मला बसवलं. बसताना चर्र असा आवाज आला, हे मी शपथेवर सांगतो.

मुक्तानं मला थेट गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं. आमच्याकडे दुपारी बारानंतर उगवलेल्या माणसाला 'जेवूनच निघाला असाल' असं सांगून आपणच त्याचं पोट भरून टाकतात. इथं मला कुणी नावही विचारलं नाही. दोन्ही हात पुढे केले, हातात रोटी पडली. पुन्हा केले, पुन्हा पडली. मी अकरा रोट्या खाल्ल्या. मुक्ता चार म्हणते. या मुलीचं मोजमाप पहिल्यापासूनच काटकसरीचं आहे.

ऊन कलल्यावर गोदावरीच्या घाटावर बसून तिनं मला काम समजावलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख लाव्हाखाली गेला, आणि तोही एकदाच नाही. लाव्हा यायचा, थंड व्हायचा, मग मोठा खंड पडायचा. त्या खंडात तळी साचायची, काठावर झाडं उगवायची, झाडांवर प्राणी चढायचे. मग पुन्हा लाव्हा.

"म्हणजे दोन भाकरींच्या मध्ये पिठलं," मी म्हणालो.

"हो. आणि त्या पिठल्यातलं एक जिरं मी शोधतेय."

ते जिरं म्हणजे एक दाढ, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. प्राणी असा की माझ्या मुठीत मावून वर जागा उरेल. फांद्यांवर पळायचा, किडे खायचा, फळं कुरतडायचा. ज्या घराण्यात पुढे माकडं झाली आणि माकडांनंतर आपण झालो, त्या घराण्याचा हा अगदी जुना माणूस असावा.

"किंवा शेजारच्या घरातला," मुक्तानं लगेच पुस्ती जोडली. "दोन वर्षांपूर्वी उदगीरजवळच्या एका विहिरीच्या मातीत मला अर्धी दाढ मिळाली. अर्ध्या दाढेवर कुणाचं घराणं ठरत नाही, मामा. पुरी हवी."

विहीर आता आतून बांधून झाली होती. तो मातीचा थर कायमचा दगडी भिंतीमागे गेला होता. उरला होता फक्त विहिरीतून काढलेल्या मातीचा बांधावरचा ढीग, आणि तोही सोमवारी शेतरस्त्यावर पसरायला जाणार होता. मालकानं तसा फोन केला होता.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण एका तळटीपेत बसेल." हे ती हसून म्हणाली, पण माझ्याकडे न बघता नदीकडे बघत.

अहमदपूरमार्गे, शनिवार

सकाळी अहमदपूरच्या स्टँडजवळ आम्ही सुशीला खाल्ली. घाबरू नका, हा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता आहे. वर शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू, आणि मधूनमधून दबा धरून बसलेल्या हिरव्या मिरच्या. पहिल्याच घासाला एक मिरची माझ्या दाताखाली आली आणि मला चिपळूण, चिपळूणची खाडी आणि खाडीतली वाळूसुद्धा दिसली. गाडीवाला म्हणाला, "आज मिरची जरा कमीच हाय, काका."

तिथून उदगीरच्या अलीकडच्या त्या गावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, इतकी काळी की तिच्यावर खडूनं लिहावंसं वाटावं. आमच्याकडे तांबडी माती आणि पाऊलभर शेत. इथं एकेका शेताच्या दुसऱ्या टोकाला वेगळं हवामान असेल, इतकं लांब.

विहिरीचे मालक ज्ञानोबा बांधावरच उभे होते. धिप्पाड, मिशीत हसणारे. "राम राम सर. या. बगा ही आमची हीर. पन्नास फूट खंदली. वर काळा दगड, खाली काळा दगड, मधी ही हिरवट माती. मिस्तरी म्हणला, देवाची करणी. मग ह्या ताई आल्या न् म्हणल्या, तळं हाय. मी म्हणलं, चला, पाणी न्हाई तर न्हाई, तळं तरी लागलं!"

पाणी पुढे खालच्या दगडात लागलं होतं आणि आमचं सगळं काम त्याच पाण्यावर चालणार होतं. पद्धत अशी: मातीची ढेकळं आधी उन्हात कडक वाळवायची आणि मग ड्रममधल्या पाण्यात सोडायची. चहात बिस्किट विरघळावं तशी ती विरघळतात. मग तो चिखल मैद्याच्या चाळणीपेक्षाही बारीक चाळणीतून धुवायचा. पोतंभर मातीमागे वाटीभर रवा उरतो. तो वाळवून भिंगाखाली धरायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कण उचलून पाहायचा.

दुपारपर्यंत माझी पाठ दोन ठिकाणी मोडली होती. मुक्ता भिंगाला डोळा लावून बसली होती आणि तिचा मोठा चमचाभर रवा बघून झाला होता. शेजारी तीन डबे भरून ठेवले होते.

ज्ञानोबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, ह्या चालीनं गेलात तर तुमचं ते जनावर परत जलमाला येऊन सोताच दात दाखवंल. आपण गयाबाईला बोलवू. उदगीरच्या डाळमिलात तीस साल डाळ निवडली तिनं."

गयाबाई आल्या. साठीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. "जय भीम," म्हणाल्या. आम्हीही "जय भीम" केला. त्यांनी डब्यातला रवा चिमटीत घेतला, अंगठ्यानं चोळला आणि विचारलं, "ह्याच्यात काय बगायचं?"

मुक्तानं त्यांना भिंगाखाली माशाचं एक काळं, तुकतुकीत खवलं दाखवलं. इथले दात, हाडं, खवली, सगळं दगड होऊन असंच काळं-तपकिरी पडलेलं असतं. "असं काळं, चमकणारं जे जे असेल ते सगळं ह्यातून निवडून काढायचं, बाई. एकही राहता कामा नये."

"न्हाई राहणार."

"घाई करू नका."

"घाई मी करतच न्हाई. हातच जलद हाय, त्याला मी काय करू?" त्यांनी तिन्ही डबे उचलले, कारण काम त्या आपल्या घरच्या लिंबाखाली बसून करणार होत्या. जाता जाता मला म्हणाल्या, "भाऊ, उद्या माझ्याकडं जेवाय यायचं. कोकणातली माणसं म्हणे भाताला जेवण म्हणतात!"

विहीर आणि अंगण, रविवार

रविवारी आम्ही आणखी धुणं काढलं. मी ड्रमच्या काठावर जरा टेकलो आणि ड्रमात बसलो. बाहेर निघालो तेव्हा माझ्यावर साडेसहा कोटी वर्षांचा चिखल होता आणि ज्ञानोबा हसून हसून खाली बसले होते. हा भाग मी फार वाढवून सांगत नाही.

तीन-साडेतीनला ज्ञानोबा आम्हाला गयाबाईंच्या घरी घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर, पुढे लिंबाचं झाड, आणि अंगण असं सारवलेलं की ताट न घेता जमिनीवरच वाढून घ्यावं. नुकतंच सारवलेलं दिसत होतं. वरून सुकलं होतं, लिंबाच्या सावलीत अजून ओल होती.

"झालं तुमचं काम," गयाबाई म्हणाल्या. "सकाळी बसले, जेवायच्या येळेला संपलं."

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. तीन डबे म्हणजे तिचं महिन्याभराचं काम होतं. गयाबाईंनी डबे पुढे केले. मुक्तानं चिमूटभर रवा भिंगाखाली धरला. मग दुसरी चिमूट. मग दुसरा डबा, तिसरा डबा. रवा असा स्वच्छ होता की त्याचा शिरा करावा. माशाचं एक खवलंसुद्धा त्यात दिसेना.

"बाई, ह्यातले काळे दाणे?"

"खडे? काढले की. तुम्हीच म्हणलात, एकबी ठिवायचा न्हाई."

"काढून कुठं ठेवलेत?"

"ठिवायचे?" गयाबाईंना खरंच कळेना. "खडे कोण ठिवतं, माय? तीस साल मी खडे काढून मागं टाकले. मिलाच्या शेटनं कधी इचारलं न्हाई, गयाबाई, खडे कुठंयत म्हून."

मुक्ता अगदी हळू म्हणाली, "'ठेवा' असं मी म्हटलंच नाही, मामा."

"मग टाकले कुठं?" मी विचारलं.

"सारवणात. बारीक कचकच असली की अंगण पक्कं बसतं. पाहुणे येणार म्हून सकाळीच शेण आणलंवतं." आणि त्यांनी आमच्या पायांकडे बोट केलं.

मी सावलीतल्या ओल्या कडेवर उभा होतो. घाबरून उजवा पाय उचलला. तळव्याला शेण होतं.

"मामा, पाय खाली ठेवायचा नाही! पुसायचाही नाही!" मुक्ता ओरडली. मग ज्ञानोबांच्या खांद्याचा आधार घेऊन मी एका पायावर उभा राहिलो आणि माझा तो पाय एका बारीक चाळणीवर धरून धुण्यात आला. माझे पाय लग्नात सासऱ्यांनीही एवढ्या काळजीनं धुतले नव्हते.

चाळणीत चार काळे कण उरले. मुक्तानं ते भिंगाखाली धरले आणि तिचा आवाजच बदलला. "एक खवलं. आणखी एक खवलं. एक बेडकाचं हाड. हे मगरीच्या पिल्लाच्या दाताचं टोक. बाई, चारही कण कामाचे! तुम्ही हे निवडलंत कसं?"

"निवडलं कुठं? सुपात घोळलं."

गयाबाईंनी सूप आणलं, चिमूटभर वाळू घातली आणि जरा तिरकं धरून गोल फिरवलं. हातात सूप असल्याचंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. हलकं होतं ते पसरून वर राहिलं, जड होतं ते सरकत सरकत एका कोपऱ्यात गोळा झालं. दगड झालेला दात मातीच्या कणापेक्षा जड असतो. म्हणजे तीन डब्यांतला प्रत्येक दात गयाबाईंनी गोळा केला होता. मूठभर काळी कचकच, आणि होतं-नव्हतं ते सगळं त्या मुठीत. आणि ती मूठ आमच्या मानासाठी केलेल्या सारवणात होती.

मला माझी आई आठवली. ओल्या सारवणावर पाऊल उमटलं तर ती पावलाच्या मापानं मुलगा ओळखायची आणि त्याला त्याच मापानं चोपायची. जेवायला बोलावलेल्या घरी जाऊन 'तुमचं अंगण उकरा' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मुक्ता नुसती जमिनीकडे बघत राहिली.

"काय होतं त्याच्यात एवढं?" गयाबाईंनी विचारलं.

मुक्तानं सांगितलं. तळं, झाडं, फांदीवरून पळणारा तो मुठीएवढा जीव, अर्धी दाढ. "आपल्या सगळ्यांच्या फार फार आधीची. आपल्या घराण्यातली. बहुतेक."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. माणसांच्या."

"म्हणजे माझी, तुझी, न् ह्या ज्ञानोबाची एकच?"

"एकच."

गयाबाईंनी ज्ञानोबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तरीच," म्हणाल्या.

ज्ञानोबा मिशीत हसले. "मग ह्या हिशोबानं तू माझी आत्या लागती."

"लागती न्हाई, हायच. पाया पड." आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात खुरपं होतं. "एवढी जुनी म्हातारी, तिला शेणात कामून ठिवायची?" म्हणाल्या, आणि आपणच पहिला घाव घातला.

बोटभर जाडीचा तो थर आम्ही चौघांनी अंगणभर खरवडला. आधी पाण्यात भिजवला, मग धुतला. शेणाचं पाणी चाळणीतून गाळताना मुक्ताच्या नाकाला एक आठीसुद्धा पडली नाही. मी मात्र वाऱ्याची दिशा बघून बसलो. अंगणात आता बसण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून जेवायला आत बसलो. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि वर तेल. माझी भाकरी बैलगाडीच्या चाकाएवढी होती. मी दोन चाकं संपवली आणि भाताला जेवण म्हणणं तिथल्या तिथं सोडलं.

ढीग गेला, सोमवार

सकाळी ट्रॅक्टर आला. मातीचा ढीग ट्रॉलीत भरला जात होता, त्याचा आवाज गयाबाईंच्या दारापर्यंत येत होता. ज्ञानोबा म्हणाले, "ताई, थांबवू का जरा? डायव्हर माझा साडू हाय."

"नको," मुक्ता म्हणाली. "त्यातलं चांगलं होतं ते आपण धुतलंय. आता असेल तर ह्यात आहे." समोर ताटलीत वाळलेली दोन मुठी कचकच होती. थोडी विहिरीवर काल धुतलेली, थोडी अंगणातली, सगळी गयाबाईंनी सुपात घोळून दिलेली.

माझा शून्य नंबरचा ब्रश ओला करून ती एकेक कण उचलत होती. खवलं. खवलं. शिंपल्याचा कपचा. अंगणातला खडा. बेडकाचं हाड. ट्रॅक्टर गेला, परत आला, पुन्हा भरून गेला. ताटलीत चिमूटभर उरलं. मग दहाएक कण. मी तोवर तीन नवस बोलून ठेवले होते आणि तिन्ही वेगवेगळ्या देवांना, म्हणजे कुणावर बोजा नको.

मुक्ताचा ब्रश थांबला.

तिनं फोनवर जुन्या अर्ध्या दाढेचा फोटो उघडला, भिंगाशेजारी धरला, भिंगात पाहिलं, फोटोत पाहिलं, आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. तीन उंचवटे, मागे एक खोलगट टाच. कुठं तुटलेलं नाही. राजगिऱ्याच्या दाण्यात एवढा बारीक डोंगर-दऱ्यांचा मुलूख असेल, हे एकतीस वर्षं निसर्गचित्र शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. इथं मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नव्हती.

"पुरी आहे," मुक्ता म्हणाली, आणि रडायलाच लागली.

गयाबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "माय, एक बोलू? आमच्या अंगणात उंदीर-चिचुंद्र्या बी लई हायती. तसली नसंल ना?"

मुक्तानं डोळे पुसले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. "उंदराची पांढरी असते, बाई. ही दगड झालीय. आणि हे बघा, खाचेत." दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत विहिरीतली हिरवट माती अडकून बसली होती. दोन वेळा धुऊनही निघाली नव्हती.

मग गयाबाईंनी स्वतः भिंग हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. "ह्या अंगानं झिजलीय की," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूनं खात असणार. दुसरीकडची दुखत असंल." आणि नकळत आपल्या गालावर हात ठेवला.

मुक्तानं पुन्हा पाहिलं. झीज खरोखरच एका अंगाला होती. तिनं वही उघडली आणि ते लिहून घेतलं. 'कुठं मिळाली' या रकान्यापाशी मात्र पेन अडलं. शेवटी तिनं लिहिलं: विहिरीची माती, गयाबाईंच्या अंगणातून.

"झालं तुमचं?" गयाबाईंनी शेणाची बादली आणून ठेवली. "आता बसा दोघं. उकरलंय तुमच्यापाई, सारवणार बी तुम्हीच."

चित्रकला शिक्षकाला सारवण अवघड नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो आणि पहिल्या फटक्यात कोपरापर्यंत शेणात गेलो. मुक्तानं बाह्या वर सारल्या. ज्ञानोबा दारात उभे राहून सूचना देत होते आणि गयाबाई मागून तपासत येत होत्या, हात फिरवत, खोलगट भाग भरत.

एका जागी त्यांची बोटं थांबली. नखानं टोकरून त्यांनी एक बारीक काळा खडा बाहेर काढला. हात सवयीनं खांद्यावरून मागे गेला, आणि तिथंच थबकला. मग तो हात पुढे आला आणि मुक्तासमोर उघडला.

"बग बाई," गयाबाई म्हणाल्या, "टाकू का ठिवू?"